पाच नंबरचा तुकडा

माझ्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या आहेत. सहांत मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथी, धणेपूड असा चारचौघींसारखा संसार. सातवीत लोखंड. बोटाच्या पेराएवढा सळईचा तुकडा, एका बाजूने करवतीने कापलेला, दुसऱ्या बाजूने मोडलेला. परवा माझी नात ईरा फोडणी करायला उभी राहिली (वर्षातून दोनदा तिला अशी उबळ येते) आणि तुकडा चिमटीत धरून म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी आयर्न वाढवा म्हटलं ते असं नव्हे गं."

"ठेव खाली. तो पाच नंबर आहे."

"कसला पाच नंबर?"

आता काय सांगणार? पाच नंबरचं सांगायचं तर सोमणबाईंचं सांगावं लागतं, आणि सोमणबाईंचं सांगायचं तर विशीतली मी मध्ये येते. त्या मुलीला मी शक्यतो पाहुण्यांसमोर आणत नाही. पण लिहायला बसलेच आहे, तर येऊ दे बिचारीला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही परब मंडळी गिरगावातली दीड खोली सोडून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. बेलापूरच्या बाजूला भरावावर एक इंजिनिअरिंग कॉलेज नुकतं उभं राहिलं होतं. दुमजली इमारत, मागे पत्र्याची लांब शेड, शेडमागे दलदल आणि दलदलीत बगळे. मी तिथे मेकॅनिकलला गेले ते काही यंत्रांच्या प्रेमापोटी नव्हे. काका म्हणाले होते, "मेकॅनिकल? हिला स्टोव्हला पिन मारता येत नाही!" ते शंभर टक्के खरं होतं, म्हणूनच मला झोंबलं. त्याच रात्री फॉर्म भरला. वर्गात साठेक मुलगे आणि मी. माझ्या दोन वेण्या, फुग्याच्या बाह्या, आणि चेहऱ्यावर असा भाव, की लोखंडाने आता स्वतःहूनच वितळावं.

धातू शिकवायला सोमणबाई होत्या. धातू ओढला तर किती ताणतो, दाबला तर कुठे खचतो, घाव बसला तर मोडतो की सोसतो, हा त्यांचा विषय. पाटीवर 'एन. व्ही. सोमण' एवढंच. एन म्हणजे नलिनी की निर्मला, ते मला आजही माहीत नाही. उंची बेताची, सुती साडी, पदर सकाळी आठपासून कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषी कातडी बूट. साडीखाली बूट बघून मी पहिल्या दिवशी फिसकन हसले. दुसऱ्या दिवशी मशीनमधून उडालेला एक तुकडा माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडला. त्यानंतर मीही बूट घेतले.

त्या सगळ्यांना अहो म्हणायच्या. शिपायाला अहो, कोवळ्या मिसरुडाच्या पोरांना अहो. शेडमध्ये ताणचाचणीचं मोठं मशीन होतं, कपाटाएवढं, सळईची दोन्ही टोकं जबड्यात धरून ती तुटेपर्यंत ओढणारं. त्यालाही त्या "थांबा हो जरा" म्हणायच्या. राग आला की त्यांचं अहो आणखी मऊ व्हायचं. "अहो कदम, आपण जरा बाहेर उभे राहता का?" हे इतक्या लोण्यासारखं यायचं, की कदम आभार मानून बाहेर जायचा आणि दाराबाहेर गेल्यावर त्याला कळायचं, की आपल्याला हाकललंय.

"मॅडम म्हणू नका," त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं. "मॅडम साडीच्या दुकानात असतात. मी बाई."

त्याच तासाला त्यांनी पिशवीतून मिसळणाचा डबा काढला. पितळी, झाकणावर पोचा आलेला. म्हणाल्या, "डोळे मिटा. हात पुढे करा." मी सकाळी काही खाल्लेलं नव्हतं. बाईंच्या हातात डबा, नवीन वर्ष, शुभारंभ... मी आपली डोळे मिटून, डाव्या तळव्यावर उजवा ठेवून, खोलगट ओंजळ पुढे केली. तीत काहीतरी गार, खडबडीत पडलं. डोळे उघडले तर मोडकं लोखंड, आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हशा.

"परब," बाई म्हणाल्या, "तीर्थप्रसाद नंतर. आधी सांगा, हा मोडला कसा?"

त्या डब्यात सात वाट्यांत सात धातूंचे मोडके तुकडे होते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा खडीसाखर फोडल्यासारखा सपाट आणि चमचमता. साध्या पोलादाचा अगदी निराळा. ते तुटायच्या आधी मध्येच कंबर बारीक करतं, ताणतं, आणि तुटतं तेव्हा एका बाजूला वाटी, दुसऱ्या बाजूला त्या वाटीत बसणारं टोक. "हे सांगून तुटतं," बाई म्हणायच्या. "बीड न सांगता तुटतं. छपरात कोण हवं, ते तुम्ही ठरवा." मग फळ्यावरचा खडू घेऊन पिळायच्या. खडू नेहमी तिरका, मळसूत्रासारखा मोडायचा. "बिडाला पीळ द्या, ते असंच मोडेल. विश्वास ठेवू नका, करून बघा." आठवडाभर वर्गात खडू शिल्लक राहिला नाही.

महिन्याभरात आम्हांला डोळे मिटून, नुसत्या बोटाने मोडाचं तोंड ओळखता यायला लागलं. बाईंना ते ओळखावं लागत नसे. शेडच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर काही पडलं, की मान न वळवता त्या म्हणायच्या, "पितळ. उचला." मी एकदा मुद्दाम, त्यांची फजिती करायला, घरून आईची कासंडी आणली आणि त्यांच्या पाठीमागे पाडली. बाई लिहीत होत्या. म्हणाल्या, "कासं. आणि आता चीर गेलीये. आईला काय सांगणार?" उचलून बघितली तर काठाला केसाएवढी चीर होती. आईला काय सांगितलं, ते इथे लिहायची गरज नाही.

शेडच्या दारात एक लोणच्याची बरणी होती. देवळाबाहेर चपला काढतात तसे सगळ्यांनी आत जाताना खोडरबर त्या बरणीत टाकायचे. आत फक्त शाई. आकडा चुकला तर त्यावर एक सरळ रेघ, शेजारी नवा आकडा, खाली सही. चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे, हा बाईंचा नियम. आम्हां पोरांना तो जाच वाटायचा, कारण आमची विद्या वेगळीच होती. पुस्तकात पोलादाचा आकडा छापलेला असतो. आपलं उत्तर त्याच्या आसपास आणायचं, आणि अगदी तंतोतंत आणायचं नाही, नाहीतर पकडले जातो. कुठे दशांश वाढवायचा, कुठे कमी करायचा, यात माझा हात धरणारं कॉलेजात कोणी नव्हतं. वरच्या वर्गातली मुलं माझ्याकडे आकडे 'पिकवून' घ्यायला यायची. मला वाटायचं, इंजिनिअर झाले की मी!

बाईंबरोबर एकदा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात गेले होते. तिथल्या मासळीबाजारात जनाबाई नावाच्या कोळणीची कोयती बाईंच्या डोळ्यांत भरली होती. धारेला कडक आणि पाठीला मऊ अशी पाती गावच्या लोहाराने कशी साधली, याचा त्यांना ध्यास लागला. कोयती दोन दिवसांसाठी मागून आणली. शेडमध्ये कठीणपणा मोजायचं यंत्र धातूत बारीक टोक रुतवतं आणि खड्ड्यावरून आकडा देतं. ते धारेपासून पाठीपर्यंत सात ठिकाणी चालवलं. आकडे बघून बाई इतक्या खूष झाल्या, की त्या दिवशी त्यांनी कदमला बाहेर काढलं नाही. परत द्यायला गेलो तर जनाबाईने पातं उन्हात धरलं.

"अगो बाय! माजे कोयतीला भोकां पारलीस!"

"भोकं नाहीत हो, खुणा आहेत," बाई गडबडून म्हणाल्या. त्यांना गडबडलेलं मी तेवढ्या एकदाच पाहिलं.

"खुना हायत त कोन घालवील त्या? माजे सासूची हाय ती!"

मग बाई त्या ओल्या फरशीवर चक्क उकिडव्या बसल्या आणि जनाबाईला सांगायला लागल्या, की हा खड्डा लहान म्हणजे इथे पातं कडक, हा मोठा म्हणजे इथे मऊ. कडक आहे म्हणून धार टिकते, मऊ आहे म्हणून काट्यावर आपटून मोडत नाही. जनाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ता मना ठावं हाय. तुना आता समजला?"

"हो," बाई म्हणाल्या. "आत्ताच समजलं."

मला तेव्हा बाईंची लाज वाटली होती. एवढी शिकलेली बाई, कोळणीपुढे बसून 'आत्ता समजलं' म्हणते! आता मला लाज वाटते ती शेजारी उभ्या असलेल्या, फुग्याच्या बाह्यांच्या त्या मुलीची.

तर पाच नंबर. तिसऱ्या वर्षाला असताना दिघ्याच्या एका शाळेच्या नव्या खोलीसाठी सळ्या तपासायला आल्या. बाळाशेठ नावाचे गावातलेच ठेकेदार होते. शेती गेल्यावर बांधकामात उतरलेले. सहा सळ्या, सहा चाचण्या, कागदावर बाईंची सही; मग स्लॅब ओतणार. अशा कामात बाई एकदोघांना हाताशी घ्यायच्या. त्या दिवशी मी नोंदी करायला होते आणि मशीनचं झडप-चाक फिरवायला सुहास. सुहास म्हणजे ईराचे आजोबा. आत पेपर वाचतायत. मी काय लिहितेय ते त्यांना माहीत नाही, आणि छापून येईपर्यंत कळायचंही कारण नाही.

चार सळ्या बाईंच्या समोर तुटल्या. चारही शहाण्यासारख्या, कंबर बारीक करून. मग प्राचार्यांचं बोलावणं आलं. "पाच आणि सहा तुम्ही करा, मी येते," म्हणून बाई गेल्या. पाचवी लावली. ओढ वाढत होती, डायलवरचा काटा चढत होता, आणि सुहास मला प्राचार्यांची नक्कल करून दाखवत होता. नक्कल चांगली होती, हे कबूल करते. मी काट्याकडे पाहायचं सोडून त्याच्याकडे पाहत होते. तेवढ्यात फाडकन आवाज झाला. मी दचकले. आणि दचकून, सवयीने, कमाल ओढीवर थांबणारा तांबडा काटा बोटाने मागे शून्यावर ढकलला. वाचायच्या आधीच.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय? चारसारखीच असणार. लिही," सुहास म्हणाला.

मी लिहिलं. चौथीच्या आकड्यातून थोडं वजा केलं, दशांशाच्या पुढे सात घातला, कारण सात नेहमी खरा वाटतो. सळई किती ताणली, तेही तसंच पिकवलं. तुटलेल्या दोन तुकड्यांवर खडूने पाच लिहून ते ट्रेमध्ये टाकले. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सहावी नीट केली. संध्याकाळी बाईंनी सही केली आणि बाळाशेठचा माणूस कागद घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मला शेडमध्ये बोलावलं. टेबलावर पाच नंबरचे दोन तुकडे जोडून ठेवलेले. शेजारी माझी नोंदवही.

"अहो परब, आपण जरा बसता का?"

इतकं मऊ अहो मी आजवर ऐकलं नव्हतं. मी बसले.

"वहीत ही सळई चांगली एक चतुर्थांश ताणली आहे. टेबलावर हिला कंबरच नाही. यांतलं कोण खरं बोलतंय?"

मी तुकड्यांकडे पाहिलं. सपाट, खडीसाखरेसारखं चमकणारं तोंड. न सांगता तुटलेली सळई. पहिल्या तासाला माझ्या ओंजळीत पडलं होतं, तेच. डोळे मिटूनसुद्धा ओळखलं असतं, आणि मी डोळे उघडे ठेवून ते ट्रेमध्ये टाकलं होतं. मी सगळं सांगितलं, नकलेसकट. रडतही होते. बाईंनी रडण्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं.

"स्लॅब कधी आहे?"

"उद्या सकाळी, बाई."

त्यांनी तुकडे रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि स्कूटरला किक मारली. बेलापूर ते दिघा, कारखान्यांच्या रस्त्याने, मागे मी मांडीवर पाच नंबर घेऊन. माझं आयुष्य संपल्यातच जमा होतं. कॉलेजातून काढणार, काका जिंकणार. खरं सांगायचं तर शाळेतली पोरं माझ्या डोक्यात अजून आलीच नव्हती.

ती तिथे गेल्यावर आली. जुन्या वर्गात बाराखडी चालली होती आणि शेजारी नव्या खोलीच्या छताच्या फळ्यांवर सळ्यांचं जाळं बांधून तयार होतं. बाळाशेठ पुढे आले.

"या बाई! कागूद भेटला. सकाली सात वाजता चालू करतंय."

"करू नका," बाई म्हणाल्या. "माझा कागद चुकीचा आहे. तो परत घ्यायला आले."

बाळाशेठचं हसू गेलं. "चुकीचा म्हंजे?"

बाईंनी रुमाल सोडला. तुकडे दाखवले. कंबरेचं सांगितलं.

"एका सलईसाटी? बाई, मिक्सर सांगलाय, चालीस मानसां येनार हायत. सई तुमची, कागूद तुमचा, आन आता तुमीच बोलता खोटा?"

"हो. मीच बोलते."

"चुकला कोन?"

मी तोंड उघडलं. बाईंचा बूट माझ्या बुटावर आला, आणि तिथेच राहिला.

"तपासून सही करायची असते. मी तुकडे न बघता केली. चूक माझी. आता या ढिगातून दहा सळ्या मी निवडते, तुमच्या टेम्पोत घालते, आणि तुम्हीही या. तुमच्यासमोर तोडते."

बाळाशेठ जाळ्याकडे बघत उभे राहिले. पलीकडे पोरं 'ग' वर आली होती. ते पुटपुटले, "माजी नात हाय त्यांत," आणि मग मुकादमाला ओरडले, "ए, बंद कर! टेम्पो लाव!"

दहा सळ्या बाईंनी स्वतः निवडल्या, वरच्या नव्हे. मधल्या आणि तळातल्या, आणि दोन बांधलेल्या जाळ्यातून सोडवून. दुसऱ्या दिवशी त्या एकेक करून तोडल्या. मी काट्यापासून नजर हलवली नाही. डोळ्यांतून पाणी आलं तरी. दहाच्या दहा सळ्या कंबर बारीक करून, ताणून, शहाण्यासारख्या तुटल्या. एकही वाईट निघाली नाही.

"बघा!" बाळाशेठ म्हणाले. "बोललो का नाय? फुकट गेला माजा सगला."

मलाही तेच वाटलं. सगळं फुकट. बाईंनी हात पुसले.

"एक वाईट होती, ती तोडली. बाकीच्यांचं काल मला माहीत नव्हतं बाळाशेठ. आज माहीत आहे."

जाताना मात्र बाळाशेठनी बाईंना वाकून नमस्कार केला, आणि तो गमतीचा नव्हता.

प्राचार्यांनी बाईंना लेखी जाब विचारला आणि बाहेरच्या चाचण्यांचं काम वर्षभर त्यांच्याकडून काढून घेतलं. बाईंनी माझं नाव लिहिलं नाही. मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "बाई, मी प्राचार्यांना सांगते."

"माझं मी सांगितलं आहे. तुमचं तुम्ही इथे लिहा," त्यांनी नोंदवही पुढे केली. पाचव्या ओळीतल्या माझ्या सुरेख आकड्यावर मी सरळ रेघ मारली. तो अजून वाचता येत होता, सातासकट.

"शेजारी काय लिहू, बाई? खरा आकडा कोणालाच माहीत नाही."

"मग तेच लिहा."

मी लिहिलं: 'वाचन घेतले नाही.' खाली सही केली. आयुष्यातली ती माझी पहिली सही, असं मी समजते. त्याआधीच्या नुसत्या रेघोट्या. मग बाईंनी पाच नंबरचा एक तुकडा करवतीने आखूड कापला, मोडाची बाजू जपून, आणि हात पुढे केला. या वेळी मी एकच तळवा पुढे केला.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी काम केलं आणि पुष्कळ सह्या केल्या. त्या सोडा. बाईंना शेवटचं पाहिलं ते निकालानंतर. पेढे घेऊन शेडवर गेले. नव्या पोरांची चाचणी चालली होती. दारातली बरणी खोडरबरांनी गळ्यापर्यंत भरलेली. बाई पाठमोऱ्या, पदर खोचलेला, बूट तेच. मशीन घुमत होतं. सगळी पोरं डायलकडे बघत होती आणि बाई पोरांकडे. सळई फाडकन तुटली. पोरं दचकली, मी दारात दचकले. बाईंचा पदरसुद्धा हलला नाही.

मग त्यांनी वळून मला पाहिलं. पेढ्याच्या पुड्याकडेही पाहिलं. चेहरा गंभीर, डोळ्यांत मात्र काहीतरी लकाकलं.

"काय हो परब? किती वाचलंत?"

मशीनपासून दारापर्यंत वीस पावलं होती. सळई कोणती होती, तिचा आकडा साधारण काय यावा, दशांशाच्या पुढे काय शोभेल, सगळं माझ्या जिभेवर होतं.

"बाई," मी म्हटलं, "इथून काटा दिसत नाही."

बाई पोरांकडे वळल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या.